अर्धवट राहिलेलं इंजिन

जुनी गाडी घेऊन ती पुन्हा धावती करावी का, या प्रश्नाचं उत्तर एरवी तासाभरात मिळतं. पत्रा कुठे सडलाय ते बघायचं, सुटे भाग मिळतात का ते विचारायचं, खिशात किती आहेत ते मोजायचं आणि होय किंवा नाही म्हणून मोकळं व्हायचं. माझदाच्या आरएक्स-७ बाबत मात्र मला तीन महिने लागले. या गाडीचं रोटरी इंजिन खुद्द कारखान्यातही कधी पुरतं 'संपलेलं' काम नव्हतं. ते काम कुणी अंगावर घेतलं आणि कुणी दुसऱ्याच्या अंगावर ढकललं, हे कळल्याशिवाय सौदा करण्यात अर्थ नव्हता.

मी गेली सहा वर्षं हिरोशिमात राहते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम करते. माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. दोन्ही १९८९ च्या, दोन्ही टर्बो, दुसऱ्या पिढीच्या. त्यांना इथले लोक एफसी म्हणतात. पहिली लालभडक, नव्या रंगाची, एका विक्रेत्याकडची. किंमत २८ लाख येन आणि 'इंजिन नुकतंच केलंय' असं तोंडी आश्वासन. दुसरी करड्या रंगाची, उन्हाने फिकी पडलेली, सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकांची. किंमत १७ लाख. ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं, हिचं इंजिन आज ना उद्या उघडावं लागणार, ११ लाख धरून चाला.

म्हणजे बेरीज तीच, २८ लाख. कोल्हापूरच्या फ्लॅटचे पैसे बाजूला ठेवल्यावर माझ्याकडे उरत होते ३० लाख. घरी जायची तिकिटं, अडीअडचण, सगळं त्यातच. आकड्यांनी निकाल लागत नव्हता, म्हणून मी इतिहास वाचायला घेतला.

भुईमुगाची शेंग आणि फुगीर त्रिकोण

आधी हे इंजिन चालतं कसं ते बघू. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्यातून गोल गती काढतो. रोटरीत ते वर-खाली नाहीच. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग आडवी डोळ्यांसमोर आणा, मध्ये किंचित दबलेली. साधारण तशा आकाराची पोकळी असलेलं एक घर, त्याला हाउसिंग म्हणतात. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, तो रोटर. रोटरची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे आत तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होतो आणि मिश्रण ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं हे सगळं त्यातच उरकतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. एफसीच्या इंजिनात असे दोन रोटर असतात, प्रत्येकी ६५४ सीसीचे. १३०८ सीसीच्या या छोट्याशा इंजिनातून टर्बोच्या जोडीने १९८५ मध्ये १८५ अश्वशक्ती मिळत होती.

दुखणं त्या तीन टोकांना आहे. प्रत्येक टोकावर एक बारीक पट्टी असते, एपेक्स सील. कप्प्यातला दाब धरून ठेवायचं काम तिचं. ती भिंतीवर अखंड घासत असते, म्हणून इंजिन स्वतःच थोडं थोडं ऑइल आत सोडतं आणि ते जळून जातं. यामाहा आरएक्स-१०० सांभाळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. ऑइल कमी होणं हा तिथे बिघाड नसतो, तसा इथेही नसतो. मात्र ऑइल बघायला विसरणं इथे फार महाग पडतं.

आप्पांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं बोअरिंग मशीन चालवलं. फोनवर हे सगळं ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"झिजलं की बोअर मारता येतंय का त्याला?"

"नाही हो आप्पा. आकार गोल नाही, आणि आत क्रोमचा पातळ थर असतो. तो उडाला की हाउसिंगच बदलायचं."

"मग स्लीव्ह?"

"तीही नाही बसवता येत."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे भाकरी करपली की तवाच टाकायचा म्हण की!"

या एका वाक्यात रोटरीचं सगळं अर्थशास्त्र आलं. पिस्टनचं इंजिन झिजलं तर आपल्याकडचा कुठलाही चांगला वर्कशॉपवाला बोअर करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकून ते पुन्हा उभं करतो. रोटरीत हाउसिंग शाबूत आहे तोवर सील बदलून भागतं. हाउसिंग गेलं की नवं किंवा दुसऱ्या इंजिनातलं चांगलं हाउसिंग शोधत फिरायचं. पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी तर हा शोध फारच अवघड झाला आहे. एफसी आणि तिच्यानंतरची एफडी यांचे काही भाग माझदाने अलीकडच्या काळात पुन्हा बनवायला घेतलेत. माझ्या यादीत एफसी होती, त्यामागे हेही एक कारण.

ज्याने इंजिन शोधलं आणि ज्यांनी विकलं

हे इंजिन ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो फेलिक्स वांकेल जर्मनीत लार इथे १९०२ मध्ये जन्मला. तो विद्यापीठात शिकला नव्हता. नजर इतकी अधू की त्याने गाडीचा परवानाही कधी काढला नाही. फिरत्या इंजिनाचं पहिलं पेटंट त्याने १९२९ मध्ये मिळवलं. हा माणूस नाझी होता, हे इंजिनाचं कौतुक करताना अनेकदा गाळलं जातं. पक्षातल्या भांडणातून १९३३ मध्ये तो काही महिने तुरुंगात गेला, पुढे त्याच राजवटीसाठी विमानांच्या इंजिनांवर काम करू लागला आणि १९४० मध्ये एसएसमध्ये दाखल झाला. युद्धानंतर फ्रेंचांनी त्याला अटक केली.

१९५१ पासून तो एनएसयू या जर्मन कंपनीबरोबर काम करू लागला. फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याचं पहिलं इंजिन नेकर्सुल्ममध्ये सुरू झालं. त्यात रोटरबरोबर हाउसिंगही फिरायचं. कल्पना देखणी होती, पण स्पार्क प्लग बदलायलाही इंजिन सोडवावं लागायचं. एनएसयूचे इंजिनिअर हान्स डिटर पाश्के यांनी हाउसिंग जागेवर स्थिर केलं, आणि आज आपण ज्याला रोटरी म्हणतो ते इंजिन जन्मलं. आपल्या शर्यतीच्या घोड्याचा यांनी नांगराचा घोडा केला, अशी कुरकुर वांकेलने केल्याचं सांगतात.

मग परवान्यांची रांग लागली. डायम्लर-बेंझ, रोल्स-रॉइस, निस्सान, टोयोटा यांनी परवाने घेतले. जनरल मोटर्सने १९७० मध्ये ५ कोटी डॉलरचा करार केला. सित्रोएंने १९७३ मध्ये जीएस बिरोटॉर आणली, ८४७ गाड्या विकल्या आणि पुढे त्यातल्या बऱ्याच परत विकत घेऊन मोडीत काढल्या. जनरल मोटर्सची रोटरी गाडी तर बाजारात आलीच नाही.

एनएसयूने स्वतः १९६७ मध्ये आरओ ८० आणली. दिसायला काळाच्या पुढची, चालायला रेशमी. तिला १९६८ चा युरोपातला 'कार ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. पण तिचे एपेक्स सील लवकर झिजत होते. वॉरंटीत इंजिनांमागून इंजिनं फुकट बदलून द्यावी लागली. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना बोटं दाखवायचे म्हणे. जितकी बोटं, तितकी इंजिनं बदललेली! त्या खर्चाखाली दबलेली एनएसयू १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. गाडीचं उत्पादन १९७७ पर्यंत रेटत राहिलं. एकूण गाड्या झाल्या ३७ हजारांच्या आसपास.

इंजिन अपुरं असूनही एनएसयूने ते थेट घरगुती चारदारी गाडीत बसवलं. उरलेली चाचणी डॉक्टर, वकील, दुकानदार यांनी आपल्या गाड्यांमध्ये केली, त्यांच्या नकळत.

हिजियामा टेकडीच्या पलीकडे

आपल्याकडे माझदा हे नाव पोचलं ते स्वराज माझदाच्या मिनीबसमधून. कित्येकांच्या शाळेची बस तीच होती. या नावाचं नातं पारशांच्या अहुरा मझ्दाशी आहे, हे मुंबईच्या वाचकांना ऐकायला आवडेल. कंपनी स्वतःच तसं सांगते, आणि जुन्या मालकांच्या मात्सुदा या आडनावाशीही ते जुळतं.

कंपनीचं मूळ नाव तोयो कॉर्क कोग्यो. १९२० मध्ये हिरोशिमात बुचांचा धंदा म्हणून ती सुरू झाली आणि १९३१ पासून मालवाहू तीनचाकी बनवू लागली. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा शहर आणि कारखाना यांच्या मध्ये हिजियामा टेकडी होती. कारखाना बराचसा वाचला, आणि काही काळ प्रांताचं सरकारी कामकाज तिथूनच चाललं. वर्ष संपायच्या आत तीनचाकी पुन्हा बनू लागल्या. आजही ट्राममधून ती टेकडी दिसते. इतकी बुटकी आहे की आपल्याकडे तिला टेकाड म्हणतील.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या व्यापार मंत्रालयाला वाटत होतं की देशात मोटार कंपन्या फार झाल्या, लहान्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं. आपलं वेगळेपण दाखवलं नाही तर कंपनी गिळली जाईल हे ओळखून अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा जर्मनीला गेले आणि एनएसयूशी करार करून आले. हिरोशिमात बनवलेलं पहिलं नमुना इंजिन १९६१ मध्ये सुरू झालं. ते थरथरायचं, पांढरा धूर ओकायचं आणि काही तास चाललं की हाउसिंगच्या भिंतीवर ओळीने ओरखडे उमटायचे. इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं, 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'.

एप्रिल १९६३ मध्ये या एका इंजिनासाठी वेगळा विभाग काढला. प्रमुख केनिची यामामोतो. युद्धानंतर याच कारखान्यात तीनचाकीचे गिअरबॉक्स जोडण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. विभागात माणसं ४७. जपानी माणसाला हा आकडा ऐकताच धन्याच्या सूडासाठी जिवावर उदार झालेले ४७ रोनिन आठवतात, म्हणून यांनाही तेच नाव पडलं.

ओरखडे का पडतात याचं उत्तर त्यांनी शोधून काढलं. सील भिंतीवर सरळ घसरत नव्हतं, ते थरथरत उड्या मारत होतं. सीलला टोकाजवळ आडवी-उभी छिद्रं पाडली की त्याची कंपनसंख्या बदलायची आणि ओरखडे थांबायचे. प्रत्यक्ष गाडीसाठी मग अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील तयार झालं.

३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली, आरओ ८० च्याच वर्षी. फरक इतकाच की कॉस्मो दिवसाला जेमतेम एक, जवळपास हाताने बनायची. पाच वर्षांत झाल्या १,१७६. १९६८ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या, त्यातली एक चौथी आली. अपुरं काम माझदाकडेही होतं. ते त्यांनी आपल्या छपराखाली, आपल्या खर्चाने आणि थोड्या गाड्यांवर करून घेतलं.

तेलाचा झटका

ही गोष्ट इथेच संपवली तर माझदाची जाहिरात होईल. पुढे त्यांचाही हिशेब चुकला. एका पाठोपाठ एक गाड्यांत रोटरी बसवत ते अमेरिकेत शिरले आणि १९७३ मध्ये तेलसंकट आलं. रोटरी पेट्रोल पिते. ज्वलनकक्ष लांबट, चपटा असल्याने उष्णता भिंतीतून निसटते आणि थोडं इंधन न जळताच बाहेर पडतं. विक्री कोसळली, कंपनी बुडायच्या बेतात आली, सुमितोमो बँकेने सावरलं. कारखान्यातले हजारो कामगार गाड्या विकायला शोरूममध्ये पाठवले गेले.

यामामोतो आणि त्यांची माणसं मात्र पुन्हा चाचणीच्या टेबलापाशी बसली. लक्ष्य ठरलं, इंधनाची कार्यक्षमता ४० टक्क्यांनी सुधारायची. या मोहिमेला नाव दिलं फीनिक्स. तिच्यातून १९७८ मध्ये पहिली आरएक्स-७ आली, हलकी आणि सामान्य पगारदाराला परवडणारी. तिन्ही पिढ्या मिळून २००२ पर्यंत ८ लाखांहून अधिक बनल्या. यामामोतो १९८४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले.

१९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बी ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, ३६२ फेऱ्या मारून. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. शेवटच्या टप्प्यात गाडी चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला होता की बक्षिसाच्या मंचावर जाऊच शकला नाही. या विजयामुळे रोटरीवर बंदी आली, असं इंटरनेटवर रोज कुणीतरी लिहितं. खरं तर ३.५ लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता.

रोटरी स्पोर्ट्‌स कार २०१२ मध्ये आरएक्स-८ बरोबर संपली. २०२३ मध्ये माझदाने पुन्हा एक रोटरी बनवायला घेतली, एमएक्स-३० साठी. तिथे ती चाकं फिरवत नाही, फक्त बॅटरी चार्ज करते.

मग घ्यावी का?

आता माझ्या दोन गाड्यांकडे. इतिहासातून मला एकच प्रश्न मिळाला. उरलेलं काम कुणाच्या अंगावर आहे, आणि ते समोर मांडलंय की झाकलंय?

लाल गाडीच्या विक्रेत्याला मी कॉम्प्रेशन टेस्टबद्दल विचारलं. रोटरीत एका रोटरला तीन बाजू असतात, म्हणून आकडेही तीन लागतात. साधा मीटर सगळ्यात मोठा एकच आकडा दाखवतो आणि मेलेली बाजू लपवतो. त्यासाठी रोटरीचा खास टेस्टर लागतो. 'नुकतंच केलंय, कशाला तपासायचं?' असं उत्तर आलं. कुठे केलं, कुणी केलं, हाउसिंग कोणतं वापरलं, याचा एक कागद नव्हता.

शिक्षकांकडे वही होती. १९९८ पासूनची. दर वेळी पेट्रोल, ऑइल किती घातलं, रेडिएटरमध्ये पाणी किती, कुठल्या तारखेला काय बदललं, सगळं बारीक अक्षरात. गाडी त्यांनीच मेकॅनिककडे आणली. गरम इंजिनावर टेस्ट केली. पुढचा रोटर: ७.४, ७.३, ७.४. मागचा: ६.३, ६.१, ६.३. मेकॅनिकचा ठोकताळा असा की आठच्या वर म्हणजे नवं, सहाच्या खाली म्हणजे संपलं. मागचा रोटर उताराला लागलाय, पण तिन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणजे एखादं सील तुटलेलं नाही. आणि पाण्याच्या नोंदी बघता गाडी कधी तापलेली नाही. रोटरीत अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग आणि लोखंडी बाजूच्या प्लेटा थराथराने आवळलेल्या असतात. एकदा इंजिन तापलं की ते थर वाकडे होतात, मधली पाण्याची सीलं जातात आणि सकाळी सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. तसा धूर दिसला तर रंग कितीही सुंदर असो, निघून यावं.

बाकी खर्चही लिहून काढला. जपानमध्ये कर ठरवताना रोटरीची सीसी दीडपट धरतात. १३०८ चे १९६२ होतात, आणि १३ वर्षांपेक्षा जुनी म्हणून वर साधारण १५ टक्के. वर्षाला ४५,४०० येन. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी. शहरात लिटरला सहा-सात किलोमीटर. शिवाय मी परत आले तर गाडी बरोबर येणार नाही, कारण तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे भारतात आणता येत नाही. गुंतवणूक म्हणून बघितलं तर उत्तर 'नाही' असंच येतं, आणि जो कुणी तुम्हाला रोटरी गुंतवणूक म्हणून विकतोय त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

तरी मी करडी गाडी घेतली. लालमध्ये मला कदाचित झालेलं काम मिळालं असतं, कदाचित फक्त रंग. करडीमध्ये काय उरलंय ते मला आकड्यांत माहीत आहे. ते काम मी करणार आहे हे मी सही करण्याआधीच मान्य केलंय. १७ लाख देण्याआधी ११ लाख वेगळ्या खात्यात टाकले. ते खातं भरता आलं नसतं, तर सौदा सोडला असता. तुम्ही अशा गाडीच्या विचारात असाल तर माझा सल्लाही एवढाच आहे. किंमत बघू नका, किंमत अधिक एक इंजिन बघा. तेवढे नसतील तर आरएक्स-१०० घ्या. तिला बोअर मारता येतो.

वही शिक्षकांनी गाडीबरोबर दिली. शेवटच्या नोंदीखाली निम्मं पान कोरं आहे, तिथून पुढे मी लिहायला सुरुवात केलीय, मराठीत. इंजिन पुढच्या वसंतात उघडायचं ठरलंय. आप्पांनी आत्तापासून बजावलंय, "खोलशील तेव्हा व्हिडिओ कॉल लाव. त्या भांड्याला आतनं नखांचे ओरखडे हाईत का, मला बघायचंय."